डायनाने लपवलेला आजार

31 ऑगस्ट 1997, रविवार. पॅरिसच्या बोगद्यात मध्यरात्रीनंतर गाडी आदळली आणि आपल्याकडे लोक सकाळच्या चहाला बसले होते तेव्हा राजकुमारी डायना गेल्याची बातमी आली. शिरूर अनंतपाळ तेव्हा तालुकाही झालेलं नव्हतं. तरी डायनाचा फोटो ओळखणार नाही असं माणूस इथेही शोधावं लागलं असतं. तिचं लग्न, तिचा घटस्फोट आणि तिचा अपघात या तीन गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. चौथी गोष्ट फारशी बोलली जात नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून पुढची बरीच वर्षं ती बुलिमिया या आजाराने आजारी होती, आणि जगातली सगळ्यात जास्त फोटो काढली जाणारी बाई असूनही हा आजार कुठल्याही फोटोत दिसला नाही.

बुलिमिया हा शब्द ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ बैलाची भूक. थोड्याच वेळात, स्वतःवरचा ताबा सुटल्यासारखं, पोट दुखेपर्यंत खायचं, आणि मग वजन वाढेल या धास्तीने घशात बोट घालून ते बाहेर काढायचं. कुणी उलटीऐवजी जुलाबाच्या गोळ्या घेतं, कुणी दोन दिवस कडक उपास करतं, कुणी तासन्‌तास व्यायाम करतं. हे आठवड्यातून एकदा तरी, आणि असं तीन महिने चाललं, तर डॉक्टर या आजाराचं निदान करतात. आपल्याकडे जुनी माणसं भस्म्या रोग म्हणतात तो हा नव्हे. भस्म्यात माणूस चारचौघांत खातो आणि खाल्लेलं अंगी लागत नाही अशी तक्रार करतो. बुलिमियात खाणंही चोरून आणि उलटीही चोरून. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतं, वजन बहुतेकदा नेहमीसारखंच असतं.

या आजाराला वैद्यकशास्त्रात वेगळं नाव मिळालं ते 1979 साली. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी आपल्या तीस रुग्णांचा अभ्यास छापला आणि हा आजार ॲनोरेक्सियापेक्षा, म्हणजे खाणंच सोडून हाडं दिसेपर्यंत वाळत जाण्याच्या आजारापेक्षा, वेगळा काढून दाखवला. डायना आजारी पडली 1981 मध्ये. म्हणजे तिच्या आजाराचं नाव तेव्हा दोन वर्षांचं होतं. साध्या फॅमिली डॉक्टरांपैकी फार थोड्यांनी ते ऐकलेलं असणार.

तिचा जन्म 1 जुलै 1961 चा, इंग्लंडमधल्या सँड्रिंगहॅम इथला, बड्या सरदार घराण्यातला. ती सहा-सात वर्षांची असताना आई-वडील वेगळे झाले, 1969 मध्ये घटस्फोट झाला, मुलं वडिलांकडे राहिली. पुढे वसतिगृहाची शाळा. अभ्यासात ती यथातथाच होती, नाचाची मात्र आवड. बॅले शिकायचं होतं, पण उंची आडवी आली. लंडनमध्ये ती एका बालवाडीत मदतनीस म्हणून काम करू लागली. तिच्या थोरल्या बहिणीला त्याआधीच ॲनोरेक्सिया होऊन गेला होता, हे नोंदवून ठेवायला हवं. खाण्याचे आजार एका घरात एकापेक्षा जास्त जणांना होताना दिसतात. त्यात काही भाग रक्तातून येणारा असतो, काही त्या घराच्या हवेतला.

24 फेब्रुवारी 1981 ला युवराज चार्ल्स यांच्याशी साखरपुडा जाहीर झाला आणि त्याच सुमाराला आजार सुरू झाला. पुढे तिच्या मदतीने लिहिल्या गेलेल्या चरित्रात आकडे दिले आहेत. साखरपुड्याच्या वेळी तिची कंबर 29 इंच होती, 29 जुलैला लग्नाच्या दिवशी साडेतेवीस. लग्नाचा झगा शिवणाऱ्यांना तो पुन्हा पुन्हा आत घ्यावा लागला. पाच महिन्यांत साडेपाच इंच! आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिच्या सडपातळ बांध्याचं कौतुक केलं. ज्या लक्षणावर कुणीतरी डॉक्टरांकडे चल म्हणायला हवं होतं, त्यावर टाळ्या पडल्या. आपल्याकडेही लग्न ठरलेल्या मुलीचं वजन झपाट्याने उतरलं की बायका खूश होतात.

लग्नानंतर जहाजावरच्या मधुचंद्रातही हे चालूच राहिलं. जून 1982 मध्ये विल्यम आणि सप्टेंबर 1984 मध्ये हॅरी झाला. अधूनमधून आजार मंदावायचा, पुन्हा उसळायचा. दिवसातून तीन-चार वेळा उलटी काढण्याचेही दिवस होते.

अशा उलट्यांनी शरीरात काय होतं, ते जरा सावकाश पाहू, कारण इथेच गैरसमज जास्त आहेत. डायनाचे तपासणीचे कागद तिचे खासगी होते. पुढे जे सांगतो आहे ते अशा कोणत्याही रुग्णाला लागू पडणारं आहे.

उलटीतून फक्त अन्न जात नाही. पोटातलं आम्ल जातं, पाणी जातं, मीठ जातं. अंगातलं पाणी घटलं की शरीर घाबरतं आणि अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढवतं. मूत्रपिंडाला त्याचा हुकूम असा की मीठ-पाणी धरून ठेव. मूत्रपिंड मीठ धरतं, पण त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडून देतं. म्हणजे पोटॅशियम उलटीतून जातं त्याहून कितीतरी जास्त लघवीतून जातं. रक्तात ते साधारण साडेतीन ते पाच या मापात असायला हवं. तीनच्या खाली गेलं की काळजी, अडीचच्या खाली गेलं की तातडी.

पोटॅशियमवर स्नायूंचं आकुंचन चालतं आणि हृदय हा सगळ्यात न थकणारा स्नायू. पोटॅशियम घसरलं की आधी पायांत गोळे येतात, अंग गळून जातं, पोट फुगतं, छातीत धडधडतं. ईसीजीच्या कागदावर रेषा बदलतात. कधी कधी यातलं काहीच जाणवत नाही आणि ठोक्याची लय एकाएकी बिघडते. हृदय त्यातून सावरलं नाही तर माणूस जागेवर जातं. वीस-बावीस वर्षांची, कालपर्यंत हिंडती-फिरती मुलगी अचानक गेली अशी जी क्वचित घटना या आजारात घडते, तिच्यामागे बहुतेकदा हेच असतं.

उलटी काढण्यासाठी मिठाचं दाट पाणी पिणं हा त्याहून वाईट उद्योग. उलटी झाली नाही आणि ते मीठ रक्तात उतरलं तर मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढलं जाऊन मेंदू आकसू शकतो, झटके येतात. परदेशात पूर्वी विष पोटात गेल्यावर उलटी व्हावी म्हणून इपेकाकचं सिरप घरात ठेवत. त्यातलं एमेटिन हृदयाच्या स्नायूत साचतं. अमेरिकन गायिका कॅरेन कारपेंटर 4 फेब्रुवारी 1983 ला वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेली. तिला ॲनोरेक्सिया होता, आणि शवविच्छेदनाच्या अहवालात हृदयाला झालेल्या एमेटिनच्या बाधेचा उल्लेख होता. डायना तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि तिचा स्वतःचा आजार ऐन भरात होता.

बाकीच्या खुणा जिवावरच्या नाहीत, पण निदानाला फार उपयोगी. वरच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू आम्लाने झिजते. दात शिवशिवतात, कडा पातळ होतात. हे सगळ्यात आधी दिसतं ते दंतवैद्याला. दोन्ही कानांखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजतात, न दुखता. चेहरा खालून रुंद दिसायला लागतो, मुलीला वाटतं गाल सुटले, आणि ती आणखी उलट्या काढते. दात घासले जाऊन बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे पडतात. त्या खुणेला त्याच रसेल यांचं नाव आहे. घसा सतत खवखवतो, आवाज बसतो, छातीत जळजळ राहते. जोराच्या उलटीने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी चीर पडून रक्त येतं. अन्ननलिकाच फाटणं हे फार दुर्मीळ, पण झालं तर तातडीच्या शस्त्रक्रियेचं काम. पाळी मागेपुढे होते.

जुलाबाचं प्रकरण वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे सोनामुखी, एरंडेल आणि जुलाबाच्या गोळ्या कुठल्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात आणि पोट साफ करणं हे पुण्याचं काम समजलं जातं. अन्नातली ताकद लहान आतड्यात शोषली जाते. जुलाबाची औषधं मुख्यतः काम करतात मोठ्या आतड्यात. म्हणजे औषध लागू पडतं तोवर जेवण अंगी लागूनही गेलेलं असतं. काट्यावर जो किलोभर कमी दिसतो तो पाण्याचा. उलटीचंही असंच, खाल्लेलं सगळं तिने बाहेर पडत नाही. इतका जीव धोक्यात घालून वजन घटतही नाही, हे रुग्णाला पटवून दिलं तर निम्मं काम होतं, असं मला वाटतं.

पुन्हा डायनाकडे येऊ. मे 1986 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या जागतिक प्रदर्शनात फिरताना ती सगळ्यांसमोर चक्कर येऊन पडली. त्याआधी काही दिवस तिच्या पोटात जवळपास काही नव्हतं. वर्तमानपत्रांनी थकवा, उकाडा अशी कारणं दिली आणि दौरा पुढे गेला. अंगात पाणी आणि क्षार कमी असलेलं माणूस उभ्या उभ्या कोसळतं ही इतकी साधी गोष्ट, पण राजवाड्यात डॉक्टरांची कमतरता नसताना तिच्यावर नीट उपचार सुरू व्हायला आणखी दोन वर्षं जावी लागली.

ते सुरू झाले ते एका मैत्रिणीमुळे. कॅरोलिन बार्थोलोम्यू ही डायनाची लग्नाआधी एकाच घरात राहिलेली जुनी मैत्रीण. 1988 मध्ये तिच्या वाचनात आलं की बुलिमियात शरीरातले पोटॅशियम, झिंकसारखे क्षार कमी होतात आणि त्यानेच थकवा आणि उदासी वाढते. डायनाची कायमची मरगळ तिने पाहिलेली होती. तिने फोन करून सरळ धमकी दिली: तासाभरात डॉक्टरांना फोन कर, नाहीतर मी ही गोष्ट वर्तमानपत्रांना सांगते. मैत्रिणीने अशी धमकी द्यावी का, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते ती देताना तिला मैत्री तुटण्याची भीती वाटली असणार आणि तरीही तिने दिली, यात सगळं आलं. मनाच्या दुःखावर बोलून जे झालं नव्हतं ते रक्तातल्या क्षारांच्या भीतीने झालं.

उपचार केले गाइज हॉस्पिटलचे मनोविकारतज्ज्ञ मॉरिस लिप्सेज यांनी. ते आठवड्यातून एकदा तिला भेटत, बोलत, या आजारावरची पुस्तकं वाचायला देत. आपल्यासारखंच करणाऱ्या इतर बायका जगात आहेत हे त्या पुस्तकांतून तिला कळलं. अन्न पोटात टिकवलंस तर सहा महिन्यांत फरक पडेल असा भरवसा त्यांनी दिला. फरक पडलाही. दिवसातून चार वेळा होणारी गोष्ट काही आठवड्यांतून एकदा अशी झाली. सासरच्या मोठ्या जमावड्याच्या वेळी, सुट्ट्यांत, मन बिघडलं की आजार पुन्हा डोकं वर काढायचा. तो पुरता आटोक्यात यायला आणखी काही वर्षं लागली. या आजाराची वाट अशीच असते, पायरी चढली की एखादी उतरते.

आज असा रुग्ण आला तर काय करतात? आधी रक्त तपासतात. पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, आणि सोबत ईसीजी. पोटॅशियम थोडं कमी असेल तर तोंडाने औषध पुरतं, फार कमी असेल तर भरती करून, हृदयावर यंत्राची नजर ठेवून शिरेतून देतात. इथे एक मेख आहे. अंगात पाणी आणि मीठ भरून काढलं नाही तर मूत्रपिंडाला मिळालेला तो जुना हुकूम चालूच राहतो आणि दिलेलं पोटॅशियम पुन्हा लघवीतून वाहून जातं. मॅग्नेशियम कमी असेल तरीही तेच. म्हणून सलाइनही लागतं, पण सावकाश. भराभर चढवलं तर पाय, पोट, चेहरा सुजतो.

ही सूज उपचारातली सगळ्यात नाजूक वेळ. उलट्या किंवा जुलाब अचानक थांबवले की अल्डोस्टेरॉन लगेच खाली येत नाही, अंग पाणी धरून ठेवतं, दोन-तीन आठवडे वजन वाढलेलं दिसतं. कानांखालची सूजही थांबल्यावर काही दिवस आधी वाढते आणि मग उतरते. आपण नीट वागायला लागलो आणि लठ्ठ झालो असं मुलीला वाटतं आणि ती पुन्हा बाथरूमकडे वळते. ही सूज पाण्याची आहे, चरबीची नाही, उतरणार आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं असलं तर ती तग धरते. काहींना थोडे दिवस स्पायरोनोलॅक्टोन देतात. लघवी जास्त होण्याच्या नेहमीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी पोटॅशियम आणखी घसरतं.

दातांसाठी एक साधी गोष्ट. उलटीनंतर लगेच ब्रश करायचा नाही. आम्लाने मऊ झालेला थर ब्रशने खरवडला जातो. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात, ब्रश अर्धा-एक तासाने. झिजलेला दात पुन्हा वाढत नाही, पण त्यावर पुटं चढवता येतात.

हे झालं शरीराचं. आजार थांबतो तो जेवणाची घडी बसल्यावर. बुलिमियावर सर्वांत जास्त अभ्यास झालेला उपचार म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची एक समुपदेशन पद्धत, साधारण वीस बैठकांची. तिची पहिली अट ऐकून घरचे चकित होतात: दिवसातून तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, तीन-चार तासांहून जास्त उपाशी राहायचं नाही. कारण दिवसभर उपाशी राहिलेलं माणूसच रात्री तुटून पडतं. उपास हा या आजाराचा दरवाजा आहे. औषधांत फ्लुऑक्सेटिन हे नाव आधी येतं. नैराश्यासाठी देतात त्याच्या तिप्पट मात्रेत ते इथे लागतं, आणि ती मात्रा मनोविकारतज्ज्ञाने ठरवायची. ब्युप्रोपिऑन हे दुसरं औषध या रुग्णांना देत नाहीत, त्याने झटके येऊ शकतात.

जून 1992 मध्ये अँड्र्यू मॉर्टन यांचं डायनावरचं पुस्तक आलं आणि तिचा आजार जगाला कळला. पुस्तकातली माहिती तिनेच, कोल्थर्स्ट नावाच्या एका डॉक्टर मित्राच्या मार्फत, गुपचूप रेकॉर्ड करून पुरवली होती. हे तिच्या मृत्यूनंतर उघड झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ती भारतात येऊन गेली होती, ताजमहालापुढे एकटी बसलेला तिचा तो फोटो तेव्हाचाच. त्या फोटोतला एकटेपणा सगळ्यांनी वाचला, आजार कुणी वाचला नाही. डिसेंबर 1992 मध्ये पती-पत्नी वेगळे झाले. 27 एप्रिल 1993 ला लंडनमध्ये खाण्याच्या आजारांवरच्या परिषदेत तिने भाषण केलं, आणि नोव्हेंबर 1995 मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत आपल्याला बुलिमिया होता हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ती मुलाखत फसवणुकीने मिळवली होती हे 2021 च्या चौकशीत सिद्ध झालं आणि त्याबद्दल बीबीसीला माफी मागावी लागली. पण आजाराची कबुली त्याने खोटी ठरत नाही.

त्या कबुल्यांचा एक परिणाम आकड्यांत दिसला. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. 1988 पासून बुलिमियाचे नवे रुग्ण वाढत गेले, 1996 मध्ये ते सर्वाधिक होते, आणि मग उतरत गेले. ॲनोरेक्सियाचे आकडे त्या काळात जवळपास जागच्या जागी होते. आजार वाढला असं यातून म्हणता येत नाही. डायना बोलली म्हणून लपून बसलेल्या बायका डॉक्टरांकडे गेल्या असाव्यात, अशी शक्यता संशोधकांनीच मांडली.

आपल्याकडे कुणी डायना बोललेली नाही. शिरूर अनंतपाळ, देवणी, निलंगा भागातून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली नीटच्या तयारीला लातूरला जाऊन राहतात. मेसचं जेवण, रात्रीचं जागरण, मार्कांची धास्ती, हातात मोबाइल आणि त्यात दिसणारी बारीक अंगं. बुलिमिया सुरू होण्याचं वय नेमकं हेच, सोळा ते वीस. मुलांनाही तो होतो. ती दवाखान्यात येतात ती दात शिवशिवतात म्हणून, अशक्तपणा आहे म्हणून, गाल सुजले म्हणून गालगुंडाची शंका घेऊन. पोटॅशियमची तपासणी आणि ईसीजी आता फार अवघड गोष्टी राहिलेल्या नाहीत. मनोविकारतज्ज्ञ लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहेत, आणि तिथवर जाण्याआधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं. छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, उलटीत रक्त, हातापायांतली ताकद जाणं, यातलं काही असेल तर मात्र फोन नको, थेट दवाखाना.

आणि विचारताना भाषेचं एक भान ठेवायला हवं. डॉक्टर विचारतात, उलट्या होतात का? मुलगी नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिला उलट्या होत नाहीत, ती काढते. आईला दोन मिनिटं बाहेर बसवून, आवाज खाली आणून विचारायचं: जेवल्यावर कधी मुद्दाम उलटी काढावीशी वाटते का?